सेकंडहँड गाडी, तीस दिवस आणि संवत्सरी



स्थानकात दोघी-तिघींनी विचारलं, लेकीच्या गाडीचं पुढे काय झालं? आपल्या लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगावच्या कितीतरी घरांतली मुलं आता परदेशात आहेत, आणि तिकडे स्थिरावली की पहिली मोठी खरेदी म्हणजे जुनी गाडी. म्हणून एकदा सगळं नीट लिहूनच काढते.

लेक इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. तिथलं जैन सेंटर तुमच्यातल्या काहींनी पाहिलं असेल. जुन्या चर्चच्या इमारतीत उभारलेलं, १९८८ मध्ये प्रतिष्ठा झालेलं. श्वेतांबर, दिगंबर मंदिरं आणि आपलं स्थानक, सगळं एकाच छताखाली. तिचं काम मात्र गावापासून वीस मैल लांब, दोन बस बदलून जायचं. त्यात तिचा चौविहार. डिसेंबरात तिथे चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. (जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड, तेव्हा मजाच असते!) गाडी असली की पावणेचारला पार्किंगमध्ये बसून डबा खाता येतो. गाडीची खरी गरज ही होती.

श्रावणात तिने एका छोट्या डीलरकडून सात वर्षं जुनी गाडी घेतली, ४,२०० पौंडांना. म्हणजे आपले साडेचार लाखांच्या आसपास, तिची दीड वर्षाची बचत. ५०० पौंड डिपॉझिट क्रेडिट कार्डाने भरले, बाकीचे बँकेतून. हे कार्डाचं लक्षात ठेवा, पुढे कामाला आलं.

तेराव्या दिवशी दुसऱ्यावरून तिसरा गिअर टाकताना करकर आवाज यायला लागला. पंधराव्या दिवशी हमरस्त्यावर गिअर आपोआप सुटला. तिने व्हिडिओ पाठवला. मी तो आमच्या गॅरेजवाल्या काकांना नेऊन दाखवला. बाहेर धो धो पाऊस, पत्र्यावर इतका आवाज की त्यांनी मोबाइल कानाला लावून तीनदा ऐकला. म्हणाले, "ताई, हा क्लच नाही, गिअरबॉक्सच्या आतलं काम आहे. अन् हे पंधरा दिवसांत झालेलं नाही. घाट चढून आलेल्या गाड्या रोज बघतो मी."

डीलरचं उत्तर ठरलेलं: गाडीचं एमओटी सर्टिफिकेट ताजं आहे. तिथे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी ही तपासणी करावी लागते. ब्रेक, दिवे, टायर, धूर वगैरे बघतात. पण इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सची अवस्था त्या तपासणीत येतच नाही! म्हणजे सर्टिफिकेट खरं आणि तरी गिअरबॉक्स गेलेला, असं होऊ शकतं. मुलांना हे आधी सांगा. गाडीच्या नंबरवरून तिची जुनी एमओटी नोंद सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येते, दर वर्षीचा मीटरचा आकडाही दिसतो. तो जरूर बघावा, पण त्याने गिअरबॉक्स कळत नाही.

आता कायदा. तिथे २०१५ चा ग्राहक हक्क कायदा आहे. डीलरकडून घेतलेली जुनी गाडीसुद्धा तिचं वय, किंमत आणि चाललेले मैल बघता समाधानकारक असायला हवी. तसा दोष निघाला, तर पहिल्या तीस दिवसांत गाडी परत करून पूर्ण पैसे मागता येतात. मात्र दोष घेतानाच होता हे आपण दाखवायचं. तीस दिवसांनंतर सहा महिन्यांपर्यंत दोष आधीपासूनचा होता असं धरलं जातं, पण तेव्हा डीलरला एकदा दुरुस्तीची संधी द्यावी लागते, आणि मग गाडी परत केली तर वापरलेल्या दिवसांचे पैसे कापले जाऊ शकतात. "आहे तशी विकली" असं डीलरने पावतीवर लिहून घेतलं तरी हे हक्क जात नाहीत. घरगुती माणसाकडून गाडी घेतली असेल तर मात्र यातलं फारसं काही मिळत नाही. वर्णन खोटं होतं एवढंच सिद्ध करत बसायचं.

म्हणजे वेळ तीस दिवसांचा, आणि डीलर रोज फोनवर गोड बोलून एकेक दिवस ढकलत होता.

इकडे घरात पर्युषणाची तयारी आणि प्रत्येकाचं मत वेगळं. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "क्षमेचे दिवस आहेत, सोडून दे म्हणावं. कर्माचा हिशोब कर्म करेल." दीर म्हणाले, "भांडत काय बसायचं? कुणाला तरी गोड बोलून विकून टाका." हे दुसरं ऐकून मला जास्त वाईट वाटलं, कारण घरातली निम्मी माणसं मान डोलावत होती. आपण प्रतिक्रमणात तिसऱ्या व्रताचे अतिचार म्हणतो ना? खोटं वजन, खोटं माप, चांगला माल दाखवून हलका देणं. ते धान्याच्या दुकानापुरतं आहे का? गिअरबॉक्स गेलाय हे माहीत असताना गाडी पुढच्याच्या गळ्यात मारायची, म्हणजे डीलरने केलं तेच आपण करायचं. मी दिरांना तसं स्पष्ट सांगितलं. दोन दिवस जेवताना बोलले नाहीत.

जाऊबाईंचं म्हणणं मात्र मी रात्री बराच वेळ मनात घोळवलं. क्षमा म्हणजे पैसे सोडणं का? महासतीजींना विचारलं, तर त्यांनी उलट मलाच विचारलं, "तुझ्या मनात त्या माणसाबद्दल काय आहे?" पैसे मागू नको असं त्या म्हणाल्या नाहीत, माग असंही नाही.

मी लेकीला एवढंच सांगितलं की पत्र लिही, पण त्यात राग नको आणि जास्तीचा एक शब्द नको. तिच्या मैत्रिणीने सुचवलं होतं की एसी बिघडल्याचं आणि दारावरच्या चरेचंही लिही, केस भक्कम होते. एसी चालू होता. चरा घेताना दिसत होता. दोन्ही लिहिले नाहीत.

तिने दुसऱ्या एका गॅरेजमधून तपासणी करून लेखी अहवाल घेतला. बाविसाव्या दिवशी ईमेल आणि रजिस्टर पोस्टाने पत्र गेलं: या तारखेला घेतली, या तारखेला हा दोष दिसला, सोबत अहवाल, या कायद्याखाली मी गाडी नाकारत आहे, चौदा दिवसांत पूर्ण रक्कम द्यावी, गाडी न्यायला यावं. त्या दिवसापासून तिने गाडी हलवली नाही, कारण नाकारल्यावर वापरत राहिलं तर आपलाच दावा कच्चा होतो. पुन्हा दोन बस. डबा बसथांब्यावर.

संवत्सरीला तिने आम्हा सगळ्यांना मिच्छामि दुक्कडं केलं. मग म्हणाली, "मम्मी, त्या डीलरलाही मनातून केलं. पैसे मात्र हवेत."

चौदा दिवस गेले, उत्तर नाही. मग कार्ड कामाला आलं. तिथल्या १९७४ च्या कायद्याच्या कलम ७५ प्रमाणे १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत किमतीच्या वस्तूचा थोडा भाग जरी क्रेडिट कार्डाने भरला, तरी पूर्ण रकमेला कार्ड देणारी बँकही जबाबदार असते. तिने बँकेकडे दावा लावला आणि डीलरला कळवलं की पुढची पायरी छोट्या दाव्यांचं कोर्ट, जिथे इंग्लंडमध्ये १०,००० पौंडांपर्यंत वकिलाशिवाय जाता येतं. आठवड्यात डीलरचा फोन आला. ४,२०० पौंड परत मिळाले. तपासणीचे पैसे दिले नाहीत, ते तिने सोडले.

इथल्यासाठी दोन ओळी. आपल्याकडे असे तीस दिवस ठरलेले नाहीत, पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे डीलरविरुद्ध दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, तीही आपण राहतो त्या जिल्ह्यात. म्हणजे मावळातल्या बाईने दिल्लीच्या डीलरकडून गाडी घेतली तरी पुण्याच्या आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. आधी १९१५ वर फोन करून बघा. आणि जे बोलणं होईल ते लेखी ठेवा, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर तरी.

गेल्या आठवड्यात लेकीला तीच गाडी पुन्हा जाहिरातीत दिसली. तोच नंबर, किंमत ३०० पौंडांनी कमी, गिअरबॉक्सबद्दल अवाक्षर नाही. तिचे पैसे मिळाले होते, तिला काय पडलंय, असं मी म्हणून बघितलं. ती म्हणाली, "मम्मी, आता ती घेणाऱ्या मुलीकडे क्रेडिट कार्ड नसेल तर?" तिने सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसच्या ग्राहक हेल्पलाइनला अहवालाची सगळी माहिती दिली. ते लोक अशी प्रकरणं ट्रेडिंग स्टँडर्ड्स या सरकारी खात्याकडे पाठवतात. नोंदीचा क्रमांक आलाय. जाहिरात अजून तशीच आहे, ती रोज संध्याकाळी बसमधून बघते.