पुरुषाच्या छातीतली गाठ

चिमूरला माझ्याकडे येणारा पुरुष छातीच्या गाठीचं आधी कधीच बोलत नाही. खोकला सांगून होतो, कंबर सांगून होते, आणि मग तो शर्टाचं बटण काढतो. "हे एक हाय जी. दुखत नाई." दुखत नाही म्हणूनच इतके महिने अंगावर काढलेले असतात, लाज असते ती वेगळीच.

बोटं आधी जागा पाहतात. बरोबर स्तनाग्राखाली, रबरासारखी, हलणारी चकती लागली तर बहुधा ती गाठ नसतेच. ती स्तनग्रंथीची वाढ, गायनेकोमास्टिया. मग अंडकोष तपासल्याशिवाय मी रुग्णाला उठू देत नाही. बाबा आमट्यांनी १९४९ साली कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभं केलं ते याच चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याला, आणि कुष्ठरोग इथून अजून गेलेला नाही. कुष्ठाचे जंतू अंडकोष सुकवतात, पुरुषी संप्रेरक घटतं, छाती वाढते. कधी कारण गोळ्यांच्या पाकिटात सापडतं: हृदयविकाराची स्पायरोनोलॅक्टोन, क्वचित क्षयाची आयसोनियाझिड.

गाठ स्तनाग्राच्या बाजूला, दगडासारखी कठीण, त्वचेला धरलेली असेल, स्तनाग्रातून रक्त येत असेल, तर एक दिवसही दवडायचा नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत साधारण एक पुरुष असतो.

खरी कसोटी मधल्या, दुर्मिळ गाठींची. बायकांत नेहमी दिसणारा फायब्रोअ‍ॅडेनोमा पुरुषात क्वचितच होतो, कारण दूध तयार करणाऱ्या खंडिकाच सहसा घडलेल्या नसतात. मायोफायब्रोब्लास्टोमा मात्र उतारवयातल्या पुरुषात भेटतो: गुळगुळीत, सावकाश वाढणारा, निरुपद्रवी. या नावाने तो १९८७ साली वर्णिला गेला. बारीक सुईने ओढलेल्या पेशी इथे चकवतात, कधी कर्करोगाचा संशय घालतात, आणि त्या संशयावर अख्खा स्तन काढला जाऊ शकतो. म्हणून सोनोग्राफी, मग जाड सुईने घेतलेला तुकडा, त्यावर सीडी-३४ आणि डेस्मिनची तपासणी. निदान पक्कं झालं की गाठ तेवढी काढायची, स्तनाग्र राखायचं. पूर्ण निघाली की ती सहसा परतत नाही.

यासाठी नागपूर गाठावं लागतं. रोवणीच्या दिवसांत मजुरी बुडवून कोण जाणार? तरी मी हट्ट धरतो, घरच्या बाईलाही समोर बसवून समजावतो. सोबतच्या चिठ्ठीवर सगळं लिहितो: पुरुष, वय, गाठ स्तनाग्रापासून किती दूर, चालू औषधं, अंडकोषांची स्थिती. तुकडा पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला यातलं काहीच काचेवर दिसणार नसतं.