वऱ्हाडचा काटा आणि शाहीबागेतील वारा

हावडा–अहमदाबाद एक्सप्रेस बडनेऱ्यास आणि अकोल्यास थांबते, तेव्हा फलाटावर गुजराती, मारवाडी व वऱ्हाडी या तिन्ही बोली एकदमच कानी पडतात. कोणी सुरतेस कापडखरेदीला, कोणी पालिताण्यास यात्रेला, तर कोणी अहमदाबादेस लेकीच्या घरी निघालेले असते. याच लोहमार्गाने वऱ्हाडची रुई गाठी बांधून गिरण्यांकडे गेली आणि अमरावती-अकोल्याच्या कितीतरी पेढ्या त्या गाठींवर उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी अहमदाबादेस उतरणाऱ्यांपैकी काही जण शाहीबागेतील ‘द रिट्रीट’ या आवारात कॅलिको वस्त्रसंग्रहालय पाहण्यास जातात. आधी नोंदणी केल्याशिवाय तेथे प्रवेश नाही, हे प्रवाशाने ध्यानी ठेवलेले बरे. पटोळी आणि पिछवया पाहून मंडळी परततात. साराभाई कुटुंबाच्या या वास्तूशी अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर कॅल्डर याचे नावही जोडलेले आहे, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते.

कॅल्डरचा जन्म १८९८ चा. घराणे शिल्पकारांचे, पण शिक्षण यंत्रअभियांत्रिकीचे. १९१९ साली तो पदवीधर झाला. १९२६ मध्ये पॅरिसला जाऊन त्याने तार, लाकूड आणि चिंध्या यांची एक छोटी सर्कस बनवली व ती स्वतःच्या हातांनी खेळवून दाखवू लागला. पुढे त्याने हाताने वा मोटरीने फिरणारी शिल्पे घडवली. मार्सेल द्युशाँने १९३१ मध्ये त्यांना ‘मोबाइल’ हे नाव दिले. आज आपल्या खिशात वाजणाऱ्या वस्तूशी त्याचा संबंध नाही. मोटरीची तीच ती गती त्याला लवकरच कंटाळवाणी वाटली आणि त्याने शिल्पे वाऱ्याच्या स्वाधीन केली. दार उघडले, कोणी जवळून चालत गेले, तरी ती हलतात. पाहणारा नकळत त्या शिल्पाचा भागीदार होतो.

याचे तंत्र व्यापाऱ्यास समजावून सांगावे लागणार नाही. आडव्या तारेच्या एका टोकास पातळ पत्र्याचे पान, दुसऱ्या टोकास दुसरी तार, तिला पुन्हा पाने. काम खालून वर चालते. प्रत्येक तारेचा तोलबिंदू शोधून तेथे कडी अडकवायची. हलके पान लांब भुजेवर, जड पान आखूड भुजेवर. हर्रासानंतर कापूस जोखताना काट्याच्या दांडीवर वजन पुढे-मागे सरकवणारा मापारी हेच करीत असे. त्याला मात्र दांडी स्थिर हवी असे, आणि कॅल्डरला ती डोलती हवी होती!

अंबालाल साराभाईंचे हे श्रीमाळी जैन कुटुंब कॅलिको मिलचे मालक. त्यांची कन्या गिरा हिने अमेरिकेत वास्तुकार फ्रँक लॉइड राइट यांच्याकडे काम केले होते. तिने कॅल्डरला लिहिले : आमच्याकडे या, आम्ही भारत दाखवू, बदल्यात काही कृती द्या. व्यवहार चोख होता. जानेवारी १९५५ मध्ये कॅल्डर पत्नी लुईझासह आला. सुमारे तीन आठवड्यांच्या मुक्कामात त्याने नऊ शिल्पे घडवली. एकाचे नाव ‘फ्रान्जी पानी’, म्हणजे आपला चाफा. दुसऱ्याचे ‘ग्वावा’, म्हणजे पेरू. नावे जणू अंगणातूनच उचलली. पेढीने दिले ते अंगण, अवजारे, आतिथ्य आणि मोकळीक. काय घडवावे हे सांगितले नाही, हीच या व्यवहारातील सर्वांत मोठी देणगी म्हटली पाहिजे.

अशा दातृत्वाची वऱ्हाडला ओळख नव्हती असे नाही. विदिशेचे शेठ शिताबराय लक्ष्मीचंद यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या निधीने अमरावतीत प्रा. हीरालाल जैन यांनी १९३९ पासून षट्खंडागमाचे खंड प्रसिद्ध केले. ते धन ग्रंथांकडे गेले, मंदिरे व धर्मशाळांकडे गेले. जिवंत कलावंताच्या वाट्यास मात्र क्वचितच आले. जागेची उणीव होती, असे म्हणता येत नाही. दोन्ही शहरांतील किती जिनिंगांचे पत्र्याचे उंच मांडव आज रिकामे आहेत, आणि वारा त्यांतून दिवसभर वाहतो.

कॅल्डर १९७६ मध्ये वारला. त्याच्या या भारतीय कृतींचे ‘कॅल्डर इन इंडिया’ हे प्रदर्शन २०१२ साली भरले, तेही लंडनच्या ओर्दोवास कलादालनात. चाफा आणि पेरू तेथे परदेशी वाऱ्यावर डोलले.