खाज कुठून येते

मेळघाटातल्या सेमाडोहात कुत्रं दाखवायला आलेला माणूस आजार सांगत नाही, उपाय सांगतो. "लय खाजोते जी रातभर, एक सुई मारून द्या." सुई माझ्या पेटीत असते, पण ती सगळ्यात शेवटी निघते. आधी मी कुत्र्याच्या कानाची कड दोन बोटांत धरून चोळतो. खरूज असेल तर बहुतेकदा त्याच बाजूचा मागचा पाय आपसूक उचलला जातो आणि हवेतच खाजवू लागतो. मग कोपरं, घोटे, पोटाखालची विरळ केसांची जागा. मग केस उलटे फिरवून कातडीचा रंग, कोंडा, वास. हात फिरत असतानाच मालकाशी बोलणं चालू असतं : कुत्रं झोपतं कुठं, कधीपासून खाजवतं, घरात मांजर आहे का, घरातल्या कोणाला खाज सुटली आहे का.

या शेवटच्या प्रश्नाला लोक अवघडतात. पण कुत्र्याच्या खरजेचा किडा माणसाच्या कातडीतही शिरतो. तिथे त्याचा वंश वाढत नाही, तो काही दिवसांत मरतो. तोवर मनगटावर, पोटावर पुरळ उठते. पिलाला कुशीत घेऊन झोपणाऱ्या पोराच्या पोटावरची पुरळ मला पुष्कळ काही सांगून जाते.

खाज म्हणजे आजार नव्हे, ती तक्रार आहे. खरूज, गोचीड, पिसवा, बुरशी, अन्नाचं वावडं, सगळ्यांत कुत्रं सारखंच खाजवतं. म्हणून बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या दोन कुत्र्यांचे उपचार अगदी वेगळे असू शकतात. खरजेची मादी कातडीत बोगदा खणून अंडी घालते आणि सुमारे तीन आठवड्यांत पुढची पिढी तयार होते. डेमोडेक्स हा दुसरा किडा केसाच्या मुळाशी राहतो. तो थोडाफार बहुतेक सगळ्या कुत्र्यांच्या अंगावर असतो. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत, दूध पिताना, आईकडून पिलाकडे येतो. पिलाच्या तोंडावर एखाददुसरा चट्टा पडला तर तो बहुधा आपणच भरून येतो. मोठ्या कुत्र्यात मात्र हा किडा अंगभर पसरला, तर त्याचं शरीर आतून का ढासळलं हे शोधावं लागतं.

ओळख पटवण्याचा मार्ग जुनाच आहे आणि मला तो फार प्रिय आहे. पात्याची धार बोथट करायची, कातडीवर लिक्विड पॅराफिनचा थेंब टाकायचा, कातडी चिमटीत दाबायची आणि बारीक रक्त पाझरेपर्यंत खरवडायचं. खरवड काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरली की डेमोडेक्स लांबट दिसतो, खरजेचा किडा गोल, आखूड पायांचा. खरजेचा किडा पुष्कळदा खरवडीत सापडतच नाही. काच स्वच्छ दिसली म्हणून खरूज नाही, असं म्हणता येत नाही. अशा वेळी कानाची कड आणि मालकाचं बोलणं यांवरच निर्णय घ्यायचा असतो.

लोक जी सुई मागतात, ती अनेकदा स्टेरॉईडची असते. तिने दुसऱ्या दिवशी खाज थांबते आणि गावात टोचणाऱ्याचं नाव होतं. पण त्याच औषधाने शरीराची प्रतिकारशक्ती दबते, डेमोडेक्सला मोकळं रान मिळतं, आणि महिन्याभराने कुत्रं उघडं-बोडकं, पुवाने भरलेलं परत येतं. निदानाआधी स्टेरॉईड टोचणं मला वैद्यकी वाटत नाही. खरजेवर नेमकं औषध आपल्याकडे आहे. जपानमधल्या मातीतल्या एका जिवाणूपासून निघालेलं आयव्हरमेक्टिन. त्या शोधासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल मिळालं. गरिबाच्या कुत्र्याला परवडेल इतकं ते स्वस्त आहे. तेही वजन मोजून आणि ठरावीक अंतराने पुन्हा द्यावं लागतं. कोलीसारख्या काही जातींना ते मेंदूपर्यंत जाऊन घातक ठरतं, त्यामुळे अमरावतीच्या बंगल्यातल्या कुत्र्याला आणि इथल्या गावठी कुत्र्याला डोळे मिटून सारखंच देता येत नाही.

गोचिडीचं प्रकरण मला सेमाडोहात आल्यावर खरं उलगडलं. सिपना नदीच्या काठच्या या गावात, आणि मेळघाटात सगळीकडेच, कोरकू आदिवासींची घरं समोरासमोर ओळींनी असतात. बांबूचे कुड, वरून माती-शेणाचा लेप. कुत्र्याच्या तपकिरी गोचिडीला वर चढण्याची खोड असते. रक्त पिऊन टम्म झालेली मादी अंगावरून गळते, भिंत चढते आणि कुडाच्या फटीत तीन-चार हजारांपर्यंत अंडी घालते. ही गोचीड आयुष्यात तीनदा कुत्र्यावर चढते आणि तीनदा उतरते. मधला सगळा काळ भिंतीत. न खाता ती कित्येक महिने काढू शकते. म्हणजे कुत्र्याच्या अंगावरच्या गोचिडी वेचून टाकल्या तरी घर भरलेलंच राहतं. अशा घरी मी औषधाइतकाच भर लिंपणावर देतो. कुत्रं बसतं त्या बाजूचा कूड वरपर्यंत माती-शेणाने बुजवा, त्याचं पोतं उन्हात टाका, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा भिंत बघा. इथल्या बायका हे काम माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं जाणतात. फटीत काय असतं एवढंच त्यांना दाखवावं लागतं. या गोचिडीतून रक्ताचा ताप येतो. हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं, की मग गोष्ट कातडीची राहत नाही.

गवळ्यांच्या घरी म्हशींच्या गोचिडीवरचं फवारणीचं औषध असतं. तेच त्याच प्रमाणात कुत्र्यावर ओततात. आणि सर्रास चालतं ते गाडीचं जळकं ऑईल. त्यामागे विचार आहे, तेलाने किडा गुदमरावा हा. पण कुत्रं अंग चाटतं, आणि तेलातले धातूंचे अंश आणि विषारी घटक पोटात जातात. कातडीही भाजते. मांजराच्या बाबतीत तर याहून जपायला हवं. मांजर दिवसभर स्वतःला चाटून साफ करतं आणि फिनाईलसारखी द्रव्यं त्याच्या यकृताला पचवता येत नाहीत. गोठ्यातलं किंवा कुत्र्याचं पर्मेथ्रिन हे कीटकनाशक अंगावर पडलं तर त्याला झटके येतात, मरणही येतं. मांजराची खरूज वेगळ्या किड्याची, कानाच्या कडेपासून सुरू होऊन तोंडावर जाड खपल्या धरणारी. आणि पोरांच्या हातावर गोल चट्टे उठले तर घरच्या मांजराचे कान, पंजे बघावेत. गजकर्ण दोघांत वाटून घेतलेलं असतं.

केस नुसते रुक्ष, विस्कटलेले, खाज नाही, असंही कुत्रं येतं. कुत्र्याच्या रोजच्या प्रथिनांतला पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त एकट्या कातडीला आणि केसांना लागतो. भाकरीचे तुकडे आणि पेज यांवर तो भागत नाही. तिथे मी बाटली लिहून देत नाही. अंडं, सुकट, ताकाखालचा साका, जे घरात असेल ते सांगतो.

हे सगळं कुठल्याही गावात खरं आहे. सेमाडोहात त्याला आणखी एक बाजू आहे. मेळघाट हा १९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पातल्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक. शेताच्या राखणीला जाणारं कुत्रं रात्री जिथे फिरतं तिथेच रानकुत्री फिरतात, बिबट्या फिरतो, आणि बिबट्या कुत्री उचलतो. खरजेचा किडा जंगलाची हद्द ओळखत नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात १९९०च्या दशकात खरजेने लाल खोकडांची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटवली. खरजेने क्षीण झालेलं कुत्रं डिस्टेंपरच्या विषाणूलाही लवकर बळी पडतं, आणि त्या विषाणूने १९९४ साली सेरेंगेटीतले सुमारे एक तृतीयांश सिंह मेले. २०१८ साली गीरमध्येही तो सिंहांत आढळला. म्हणून कुडाशेजारी खाजवत बसलेलं कुत्रं बघताना माझ्या डोळ्यांपुढे सिपनेपलीकडचं रानही असतं.

जंगलालगत राहणाऱ्यांना आणि इथे सहलीला येणाऱ्यांनाही माझं एवढंच मागणं आहे. आपल्या कुत्र्याला रेबीजची आणि डिस्टेंपरची लस वेळेवर द्या. खरजेचा उपचार केस उगवले म्हणून अर्ध्यावर सोडू नका, आणि त्याच दारातली बाकीची कुत्रीही सोबत दाखवा. जळकं ऑईल लावू नका. सहलीला येणाऱ्यांनी आपलं कुत्रं घरीच ठेवावं.