माझा किंचित विक्षिप्त परिचय

मी पुण्यात संख्याशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतो. रविवारी मात्र लेणी वाचतो. होय, वाचतो! मित्र गड चढतात, मी ब्राह्मी अक्षरे लावीत मान मोडून घेतो.

याच वसतिगृहात प्रथम आलो, तेव्हा वडिलांचा व्यवसाय मी 'शेती' असा खोटाच सांगितला होता. वडील सुतार. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दाराशी धेनुकाकटच्या एका सुताराचा लेख आहे. दाराचे काम आपले, असे तो सांगतो. 'वढकि', म्हणजे सुतार, हा शब्द लागला तेव्हा बराच वेळ मी तेथेच बसून राहिलो.

गेल्या दिवाळीत वडिलांना तेथे नेले. लेखाकडे त्यांनी क्षणभरच पाहिले. छताच्या सुमारे दोन हजार वर्षांच्या लाकडी कमानी मात्र पुष्कळ वेळ न्याहाळल्या.

"सागवान असेल," एवढेच म्हणाले.