काप्रीची प्रदक्षिणा

बेट पाहायला निघालेली माणसे बेटावर उतरतात आणि तेथेच फसतात. पायाखाली जमीन आली की रस्ता दिसतो, दुकाने दिसतात, कॉफीच्या पेल्याची किंमत दिसते. बेट मात्र दिसत नाही. ते पाण्यातूनच पाहावे लागते. देवळाचा घाट जसा प्रदक्षिणेच्या वाटेवरून कळतो, तसे बेट होडीतून कळते, असे माझे आता ठाम मत झाले आहे. आता, म्हणजे गेल्या सप्टेंबरात इटलीतल्या काप्री बेटाभोवती एक दिवस होडीतून फिरून आल्यावर. त्यापूर्वी माझी समुद्राची ओळख गिरगाव चौपाटीच्या वाळूपाशी सुरू होऊन भेळेच्या गाडीपाशी संपत होती.

काप्रीच का, असे कोणी विचारील. त्याचे कारण माझ्या पोटापाण्याच्या धंद्यात आहे. पुण्याच्या एका शाळेत मी एकतीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले. प्रकाशाचा धडा आला की पुस्तक मिटून मी मुलांना काप्रीच्या निळ्या गुहेची गोष्ट सांगे. कड्याच्या बुडाशी गुहा; तिचे तोंड पाण्यावर जेमतेम एक मीटर उंच. त्यातून उजेड जातो तो थोडासाच. पण त्या तोंडाच्या खाली, पाण्यात, दुसरे मोठे भगदाड आहे. ऊन तेथून समुद्राच्या पाण्यातून गाळून आत येते. पाणी तांबड्या रंगाचा प्रकाश आधी गिळते आणि निळा पुढे जाऊ देते. त्यामुळे आतला सारा जलाशय खालून दिवा लावल्यासारखा निळा पेटतो. इथवर वर्ग चिडीचूप असे. मग दर वर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी विचारी, "सर, तुम्ही पाहिलीत?"

"नाही," असे म्हणून मी खडू उचलत असे.

मुलगा म्यूनिकला नोकरीला आहे. यंदा आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो, तेव्हा त्याने आमची दक्षिण इटलीची तिकिटे काढून दिली आणि सोरेंटोहून निघणाऱ्या एका होडीत दोन जागाही राखल्या. होडीला तिकडे 'गोत्झो' म्हणतात. लाकडी, रुंद पोटाची, मूळ मासेमारीची जात. आता तिला इंजिन बसवले आहे आणि वर ऊन लागू नये म्हणून कापडी छत घातले आहे. उतारू फक्त बारा. लियॉनचे एक नवपरिणीत जोडपे, ब्राझीलच्या दोन मैत्रिणी, आयर्लंडमधले तीन पिढ्यांचे सहा जणांचे कुटुंब, आणि आम्ही. तांडेल साठीचा, उन्हाने रापलेला, बोलण्यात अत्यंत काटकसरी. त्याची विशीतली पुतणी सोबत होती. तिला इंग्रजी येत असे. ती त्याला 'त्सीओ' म्हणे. त्सीओ म्हणजे काका, हे कळल्यावर आम्हीही त्याला काकाच म्हणू लागलो. तो ओ देऊ लागला.

आमची ही मूळची मालवणची. होडीत पाऊल टाकण्यापूर्वी तिने वाकून समुद्राचे पाणी बोटांनी डोळ्यांना लावले. काकांनी ते पाहिले. ते काही बोलले नाहीत. गळ्यातला क्रूस तेवढा त्यांनी ओठांना लावला आणि तिला हात देऊन सर्वांत चांगल्या जागी बसवले. मला कोणी हात दिला नाही.

दोर सोडण्याआधीच वाईट बातमी आली. काकांनी दूरध्वनीवरून कोणाशी तरी चार शब्द केले आणि पुतणीने आम्हाला सांगितले, की रात्री वायव्येचा वारा होता, त्याची फुगवटी अजून आहे, निळी गुहा सकाळी बंद आहे. दुपारी पाहू. सगळ्यांचे चेहरे पडले. माझा जरा अधिकच. हिने क्षितिजाकडे पाहिले आणि खास आपल्या बोलीत निकाल दिला, "आज दर्यो नाय म्हणता."

सोरेंटोची कडेलोटी किनारपट्टी मागे पडली, तिच्याही मागे व्हेसुव्हियस निळसर धुक्यात मागेमागे जात राहिला, आणि काप्री समोर आले. बेट लहान. क्षेत्रफळ जेमतेम दहा चौरस किलोमीटर, किनाऱ्याचा फेरा सुमारे सतरा किलोमीटरांचा. पण चुनखडीचे कडे पाण्यातून असे सरळ उठतात, की मान मागे टाकूनच पाहावे. काकांनी होडी पूर्वेकडून वळवली. बेट आमच्या उजव्या हाताला आले. ही एकदम खूश. "बघा," ती म्हणाली, "प्रदक्षिणा सुलटी आहे."

पहिलाच कडा टायबेरियसचा. हा रोमचा बादशहा इसवी सन २७ च्या सुमारास येथे येऊन राहिला आणि ३७ साली मरेपर्यंत सारे साम्राज्य त्याने या खडकावरून चालवले. त्याच्या वाड्याचे अवशेष माथ्यावर आहेत. त्याने हेच बेट का निवडले? टॅसिटस या रोमन इतिहासकाराने लिहून ठेवले आहे, की आसपास बंदर नाही, लहान होडीलाही आसरा मुश्किलीने मिळतो, म्हणून. म्हणजे त्याला बेट आवडले ते त्याच्या मज्जाव करण्याच्या गुणामुळे!

स्वीटोनियस या दुसऱ्या रोमन लेखकाची एक गोष्ट मी हिला सांगितली. एक कोळी मोठा मासा भेट द्यायला मागच्या बाजूने कडा चढून अचानक बादशहासमोर गेला. टायबेरियस दचकला. त्याने तोच मासा कोळ्याच्या तोंडावर घासायला लावला. कोळी बिचारा म्हणाला, "बरे झाले, मोठी शेवंड आणली नाही." बादशहाने मग शेवंडही मागवली आणि तिनेही त्याचे तोंड सोलून काढले. ही बराच वेळ कड्याकडे पाहत राहिली. "एवढा कडा मासा घेऊन चढला," ती म्हणाली, "आणि नाव मात्र बादशहाचे राहिले." कोळ्याचे नाव स्वीटोनियसने दिलेले नाही.

पुढे पांढरी गुहा गेली, दगडाची नैसर्गिक कमान गेली, आणि एका सुळक्यावर तांबडे, सपाट गच्चीचे एक घर आले. ते मालापार्ते या लेखकाचे. गोदारच्या १९६३ सालच्या चित्रपटात ते आहे, असे लियॉनच्या जोडप्याने सांगितले. त्यानंतर फाराल्योनी. समुद्रात उभे असलेले हे तीन प्रचंड खडक. सर्वांत उंच १०९ मीटरांचा. मधल्याला आरपार कमान आहे आणि तिच्यातून होडी जाते. कमानीखाली जोडप्यांनी परस्परांचे चुंबन घ्यावे, म्हणजे भाग्य उजळते, असा तेथे रिवाज. लियॉनच्या जोडप्याने तो यथासांग पाळला. आयरिश आजीआजोबांनीही पाळला. मग सर्वांच्या नजरा आमच्याकडे वळल्या. हिने पदर सारखा केला आणि खडकाला हात जोडून नमस्कार केला. होडीत टाळ्या पडल्या. भाग्याचे काय झाले ते खडकाला माहीत.

दक्षिणेला वारा नव्हता. कड्यावरून नागमोडी उतरणारी एक पायवाट दिसली. जर्मन कारखानदार क्रुपने विसाव्या शतकाच्या आरंभी स्वतःच्या पैशाने ती बांधून घेतली. गॉर्की १९०६ पासून सात वर्षे काप्रीत राहत होता आणि १९०८ साली लेनिन त्याच्याकडे पाहुणा आला असता बुद्धिबळ खेळला. कडे उतरायला तोफांच्या कारखानदाराचा पैसा आणि माथ्यावर क्रांतिकारकांची बुद्धिबळे! बेटाने दोघांनाही सारखेच ठेवून घेतले. हिला मात्र वेगळीच चिंता. "एवढ्या माणसांना पाणी कोठून येते?" काका प्रथमच हसले. बेटावर नदी नाही. गोडे पाणी मुख्य भूमीवरून समुद्राखालच्या नळाने येते. हा प्रश्न उतारू कधी विचारत नाहीत, असे पुतणी म्हणाली.

हिरव्या गुहेपाशी इंजिन थांबले. तरुण मंडळींनी धडाधड उड्या घेतल्या. मला पोहता येत नाही. पण काकांनी माझ्या अंगात तरंगजाकीट चढवले, शिडीकडे बोट केले, आणि हिने "उतरा, मी दोर धरते" असे फर्मावले. सदाशिव पेठेतला एक निवृत्त शिक्षक छातीइतक्या भूमध्य समुद्रात उतरला! खाली पाहिले तर माझे पाय पाचूसारखे हिरवे. कपारीत शिरलेले ऊन तळावरून परतत होते, आणि वरच्या खडकावर त्याची हिरवी जाळी हलत होती. वाकून पाहणाऱ्या हिच्या चेहऱ्यावरही ती होती. फळ्यावर एकतीस वर्षे काढलेले बाण मी प्रथमच अंगावर घेत होतो.

मग काकांनी टोमॅटो, ताजे चीज आणि तुळशीच्या जातीची पाने असा फराळ वाढला, लिंबाची गोड दारू इवल्या पेल्यांतून फिरवली. हिच्यासाठी नुसते लिंबाचे सरबत.

पुंता कारेनाचे दीपगृह ओलांडले आणि समुद्राचा स्वभाव पालटला. वायव्येची फुगवटी समोरून येऊ लागली, गोत्झो वर जाई आणि पोटात खड्डा पाडून खाली येई. निळ्या गुहेपाशी पोचलो तेव्हा दोन वाजले होते. एरवी येथे लहान वल्ह्यांच्या होड्यांची झुंबड असते. उतारूंनी त्यात आडवे पडायचे, नावाड्याने भिंतीतली साखळी धरायची आणि दोन लाटांमधली फट साधून होडी आत ओढायची. आज एकही होडी नव्हती. कड्याच्या बुडाशी एक काळे तोंड तेवढे होते.

आयरिश कुटुंबातल्या एकाने जास्त पैसे देऊ केले. पुतणीने ते भाषांतर करून सांगितले. काकांनी उत्तर दिले नाही, नुसते बोट केले. त्याच वेळी लाट आली आणि ते तोंड पार भरून गेले; कडा तेवढा उरला. दार नाहीसे झाले. मग ते म्हणाले, "आत जाणे अवघड नाही. आत असताना लाट वाढली तर बाहेर यायला दार राहत नाही."

पुढे कोणी बोलले नाही. १८२६ साली कोपिश नावाच्या जर्मन कवी-चित्रकाराने ही गुहा जगापुढे आणली, असे पुस्तके सांगतात. ते खरे, पण त्याला येथवर आणणारा आंजेलो फेरारो नावाचा स्थानिक कोळी होता. गावच्या लोकांना गुहा आधीपासून ठाऊक होती. आत भुते आहेत म्हणून ते जात नसत. त्यांच्याही आधी रोमन लोक येथे येत. १९६४ साली गुहेच्या तळातून त्यांचे पुतळे निघाले. भुतांची गोष्ट मुलांना सांगताना मी हसत असे. त्या दुपारी, ते तोंड मिटताना आणि उघडताना पाहत असता, हसू आले नाही. मुलांना घरी ठेवण्यासाठी बापांनी रचलेली ती सूचना असावी, असे वाटले.

लियॉनच्या मुलीने विचारले, "आत इतके काय असते?" पुतणी उत्तर शोधू लागली. तेव्हा मला राहवेना. हलत्या होडीत छताचा खांब एका हाताने धरून मी धडा घेतला. वरचे तोंड, खालचे भगदाड, तांबडा गिळणारे पाणी, पाण्यात बुडवलेला हात चांदीचा का दिसतो, त्यावर चिकटलेले हवेचे बुडबुडे. माझे इंग्रजी मोडकेतोडके. पुतणी ते काकांसाठी इटालियनमध्ये करत होती. काका मान डोलवत ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच भर घातली: वल्हे उचलले की थेंब पडतो, तोही पेटलेला असतो. हे माझ्या पुस्तकात नव्हते.

आमच्याकडे पंढरपुरात रांग फार लांबली की पुष्कळ वारकरी कळसाला हात जोडून परततात. वारी फुकट गेली असे कोणी मानत नाही. हे त्या मंडळींना समजावण्याइतके माझे इंग्रजी पोचले नाही. हिला सांगायची गरज नव्हती.

काप्रीला जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगून ठेवतो. मोठ्या जहाजापेक्षा बारा माणसांची होडी घ्यावी. खर्च जास्त, पण तांडेलाशी बोलता येते. पूर्वेकडून निघणाऱ्या होडीत उजवी बाजू धरावी. टोपी, पाणी आणि बदलायचे कपडे जवळ असावेत. गुहेचे दर्शन होईलच असे धरून जाऊ नये; झाले तर तो दिवस आपला. तांडेल नको म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नये. समुद्राकाठी वाढलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. आपल्यासारख्या घाटावरच्यांना लागते.

परत आल्यावर शेजारच्या नववीतल्या मुलाला प्रकाशाचा धडा समजावत होतो. गुहेची गोष्ट आली आणि त्यानेही तेच विचारले, "आजोबा, तुम्ही पाहिलीत?"

"दारापर्यंत जाऊन आलो," मी म्हणालो, आणि त्याला वल्ह्यावरच्या थेंबाची गोष्ट सांगितली.