एस. ए. मधला 'एस'

नंदुरबारचं एस. ए. मिशन हायस्कूल खानदेशात कुणाला माहीत नाही? पण हे 'एस. ए.' म्हणजे काय, ते जरा मित्रांना विचारून बघा. आमच्या ग्रुपमध्ये उत्तरं पार 'साऊथ आफ्रिका'पर्यंत गेली :) तर 'ए' म्हणजे अलायन्स. आणि 'एस' म्हणजे थेट उत्तर ध्रुवाच्या शेजारची मंडळी, स्वीडिश आणि स्कँडिनेव्हियन. आता ही बर्फातली माणसं आमच्या 45 डिग्रीच्या उन्हात काय करत होती?

गोष्ट सुरू होते दुष्काळापासून. आपल्याकडे जसा छप्पन्नाचा, तसा स्वीडनमध्ये 1867 ते 1869 चा. लोक झाडाची साल दळून पिठात मिसळायचे. 1869 मध्ये फ्रेडरिक फ्रान्सन नावाचा सतरा वर्षांचा पोरगा घरच्यांबरोबर अमेरिकेला, नेब्रास्कात गेला. असे बारा लाखांवर स्वीडिश लोक पुढे तिकडे गेले. एक काळ असा होता की स्टॉकहोमखालोखाल सर्वांत जास्त स्वीडिश माणसं शिकागोत होती म्हणे. (आपलं न्यू जर्सी समजा.)

भाकरीसोबत धर्माचाही प्रश्न होता. स्वीडनचं लुथेरन चर्च सरकारी. पाद्री नसताना घरात जमून प्रार्थना केली तर गुन्हा, असा 1726 चा कायदा तिथे 1858 पर्यंत होता. अमेरिकेत अशी आडकाठी नव्हती. काहींनी तिथे आपली स्वीडिश लुथेरन चर्चं उभारली, 1860 मध्ये त्यांची ऑगस्टाना सिनड ही मोठी संघटनाही झाली. फ्रान्सनसारख्यांना मात्र कुठल्याच पंथाचं कुंपण नको होतं. त्याने 1890 मध्ये स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन काढलं. माणसं आणि पैसा या स्थलांतरितांच्या मंडळ्यांतूनच यायचा. म्हणजे शेतमजूर, सुतार आणि घरकाम करणाऱ्या मुली वर्गणी काढायच्या, आणि त्यावर कुणीतरी चीनला किंवा आमच्या पश्चिम खानदेशात जायचं. स्वीडनमधूनही स्वीडिश अलायन्स मिशन इकडे आलं. भिल्ल वस्त्यांत काम, शाळा, दवाखाने. चिंचपाड्याचं ख्रिश्चन हॉस्पिटल याच परंपरेतलं.

मला खरी गंमत वाटते ती भाषेची. इकडे आलेल्यांना मराठी शिकावी लागली, भिल्लांच्या बोलीही. आणि तिकडे शिकागोत त्यांच्याच भावंडांची मुलं स्वीडिश विसरत होती. पहिल्या महायुद्धात परक्या भाषेत बोलणाऱ्याकडे संशयाने बघायचे, आणि 1924 च्या कायद्याने नवीन माणसांचा ओघच आटला. आजी-आजोबांसाठी स्वीडिश प्रार्थना, मुलांसाठी इंग्रजी, असं काही वर्षं चाललं. मग आजी-आजोबा गेले. 1949 मध्ये मिशननेही नावातून 'स्कँडिनेव्हियन' काढलं आणि 'इव्हँजेलिकल' घातलं. 1962 मध्ये ऑगस्टाना सिनडही इतर लुथेरन चर्चांत विलीन झाली.

हे वाचताना मी जरा अस्वस्थ झालो, खोटं कशाला बोलू. मी धुळ्याचा. माझी आजी अहिराणीशिवाय बोलायची नाही. आई अहिराणी आणि मराठी दोन्ही बोलते. मला अहिराणी समजते, बोलायला गेलो की चुलतभाऊ हसतात. पुण्यात जन्मलेल्या माझ्या भाचीला मामा फोनवर "कथा जाई ऱ्हायना भो?" म्हणाला की तो कार्टूनमधला आवाज वाटतो. अमेरिका तर लांबच राहिली, आमचं सगळं धुळे-पुणे बसच्या एका रात्रीत आटोपलं!

शिकागोच्या मराठी मंडळींनी 1969 मध्ये महाराष्ट्र मंडळ काढलं. तिथली स्वीडिश चर्चंही अशीच सुरू झाली असतील, सणावाराला, आपल्या माणसांत जरा आपलं बोलावं म्हणून.

असो. मिशनने तिकडे स्वतःच्या नावातून काढून टाकलेला तो 'एस' नंदुरबारच्या शाळेच्या नावात मात्र अजून आहे.