अंगणही वाकडे असू शकते!

मूल एखाद्या खेळात जरा चमकू लागले की घरात पहिली चर्चा होते ती साहित्याची. ‘पोरीला चांगलं साहित्य नको का?’ हा प्रश्न प्रेमापोटी विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा दुकानदार देतो. चांगले म्हणजे महाग, महाग म्हणजे वेगवान. टेबल टेनिसच्या बाबतीत याला आणखी एक कडी जोडली जाते : वेगवान म्हणजे जाड स्पंजचे रबर. यात कोणाची लबाडी असतेच असे नाही. तरीही या साखळीत एखादे हौशी मूल अडकते आणि घरच्यांना ते कळायला फार वेळ लागतो.

इंदूरच्या एका मराठी कुटुंबात असेच झाले. बारा वर्षांची मुलगी दोन वर्षे साध्या, तयार मिळणाऱ्या बॅटने खेळत होती. हात चांगला होता, चपळाई होती. वडिलांनी दिवाळीच्या बोनसमधून तिला नवी बॅट करून दिली. लाकडी फळी वेगळी निवडलेली, तिच्यावर दोन्ही बाजूंनी वेगळे रबर चिकटवलेले आणि रबराखालचा स्पंज दुकानात होता त्यांतला सर्वांत जाड. पहिले काही दिवस घरात आनंदीआनंद होता. स्मॅश असा सुटायचा की समोरच्याला चेंडू दिसू नये!

मग क्लबची स्पर्धा आली आणि ती आपल्याहून लहान मुलीकडून हरली. त्या लहान मुलीकडे अस्त्र एकच होते : चेंडू खालून कापून टाकलेली सर्व्हिस. ती परतवताना एकदा चेंडू जाळीत जायचा. पुढच्या वेळी तो जाळीवरून जावा म्हणून बॅट जास्त कलती केली, की उंच उडायचा आणि समोरून फटका बसायचा. पुढच्या दोन स्पर्धांतही तेच. आजी सहज हसत म्हणाली, “नाचता येईना अंगण वाकडे!” म्हण नेहमीचीच, पण मुलीच्या जिव्हारी लागली. त्यानंतर सरावाच्या दिवशी तिचे पोट दुखू लागले. बॅट कपाटात कपड्यांच्या मागे गेली.

वडील म्हणत होते, “हात बसेल हळूहळू.” आईला खेळातले काही कळत नव्हते, पण हिशेब कळत होता. पुढच्या सामन्यात ती वहीची दोन पाने घेऊन बसली आणि मुलीचा प्रत्येक गेलेला गुण तिने लिहून काढला : जाळीत, बाहेर, की उंच उडाल्यामुळे. एका गेममध्ये गेलेल्या ११ गुणांपैकी ७ गुण कापलेल्या चेंडूंवर गेले होते. वही प्रशिक्षकांच्या पुढे ठेवून तिने विचारले, “सर, हिला जमत नाही, की हिच्या हातातलं जमू देत नाही?”

प्रशिक्षकांनी बॅट हातात घेतली, अंगठ्याने स्पंज दाबून पाहिला आणि वडिलांकडे वळून म्हणाले, “साहेब, बॅट उत्तम आहे. फक्त ती तीन वर्षांनंतरची आहे.”

याचा अर्थ समजून घ्यायचा तर कापलेला चेंडू काय करतो ते पाहावे लागते. उलटी फिरकी घेऊन येणाऱ्या चेंडूचा आपल्या बॅटला टेकणारा भाग वरच्या दिशेने फिरत असतो. रबर त्याला पकडते, अडवते आणि चेंडू खाली फेकला जातो, म्हणजे जाळीत. म्हणून तो परतवताना बॅटचा वरचा काठ मागे कलता ठेवून चेंडूच्या खालच्या अंगाला अलगद स्पर्श करायचा असतो. या फटक्याला ‘पुश’ म्हणतात. नावात ढकलणे असले, तरी काम नाजूक असते. चेंडू जाळीला लागून जेमतेम पलीकडे उतरावा आणि उसळू नये, हे त्यातले कसब.

आता स्पंज. सतरंजीवर उडी मारणारे मूल लगेच जमिनीला टेकते. जाड गादीवर मारली तर आधी आत रुतते आणि मग वर फेकले जाते. पातळ स्पंजवर चेंडू जरा जोराने आला की लाकडाला चटकन भिडतो. तो परत किती आणि कसा जाणार, हे बरेचसे हाताच्या हालचालीवर ठरते. जाड स्पंज चेंडूला आत घेतो, थोडा जास्त वेळ धरून ठेवतो आणि वर स्वतःची उसळी जोडतो. अलगद पुश करताना ही उसळी नको असते. बॅटचा कल किंचित चुकला, तर पातळ स्पंज चूक थोडक्यावर निभावून नेतो. जाड स्पंज तीच चूक वाढवून दाखवतो. शिवाय जाड स्पंजचे वजनही अधिक. बारा वर्षांच्या मनगटाला तेही जाणवते.

सगळे खापर स्पंजवर फोडणे मात्र बरोबर नाही. हलक्या स्पर्शात चेंडू फार खोल जातच नाही. तेव्हा रबराचा वरचा थर किती चिकट आहे, याला जास्त महत्त्व असते. चिकट थर समोरची फिरकी जास्त ओढून घेतो. तसेच कापलेल्या चेंडूवर हल्ला करायचा असेल, तर जाड स्पंजच कामाला येतो. खेळाडू बॅट खालून वर जोरात नेतो, चेंडू स्पंजमध्ये रुततो, रबर ताणले जाते आणि चेंडू कमानीसारखा जाळीवरून पलीकडे झेपावतो. पातळ स्पंजवर तोच फटका मारताना चेंडू लवकर लाकडाला लागतो आणि सगळी उचल हातानेच द्यावी लागते. म्हणून आक्रमक खेळणारे मोठे खेळाडू २ मिलिमीटर किंवा त्याहून थोडा जाड स्पंज घेतात, तर टेबलापासून लांब उभे राहून चेंडू कापणारे बचावपटू पातळ स्पंज पसंत करतात. दोघांचेही बरोबरच असते, कारण दोघांचे काम वेगळे असते.

स्पंजने या खेळाला चकवल्याची सर्वांत गाजलेली गोष्ट आपल्या मुंबईतली आहे. १९५२ साली जागतिक स्पर्धा मुंबईत भरली होती. तोवर बहुतेक खेळाडू लाकडावर दाण्यांचे साधे रबर लावून खेळत. जपानचे चष्मेवाले हिरोजी सातो मात्र जाड स्पंज चिकटवलेली बॅट घेऊन आले. चेंडू बॅटला लागल्याचा ओळखीचा ‘टक’ आवाज येईना. चेंडू कधी सुटला, किती वेगाने सुटला, हे भल्याभल्यांना कळेना. अंतिम सामन्यात हंगेरीच्या योझेफ कोचियान यांना हरवून सातो जगज्जेते झाले. पुन्हा मात्र ते कधीच जगज्जेते झाले नाहीत. प्रतिस्पर्ध्यांना नवलाईची सवय होते. मग उरतो तो हात. पुढे १९५९ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने नुसत्या स्पंजच्या बॅटवर बंदी घातली आणि जाडीला मर्यादा आणली. आज स्पंज आणि वरचे रबर मिळून ४ मिलिमीटरच्या पुढे जाता येत नाही.

उलट बाजूचे उदाहरणही आपल्याच देशातले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये दक्षिण कोरियातील बुसान येथे जागतिक सांघिक स्पर्धेत भारताच्या ऐहिका मुखर्जी हिने तेव्हाच्या अव्वल मानांकित चीनच्या सुन यिंगशाला हरवले. तिच्या बॅटच्या एका बाजूला फिरकी जवळजवळ न पकडणारे, मंद रबर होते. दुकानात ‘वेगवान’ मागणाऱ्या पालकाला असे रबर कोणी दाखवणारही नाही! पण त्या मंद रबराच्या मागे वर्षानुवर्षांचा सराव होता आणि आपला खेळ कोणता हे ओळखणारी नजर होती.

इंदूरच्या मुलीच्या फळीवर प्रशिक्षकांनी १.५ मिलिमीटर स्पंजचे रबर लावून दिले. चमत्कार झाला नाही. स्मॅशचा वेग घटला आणि पुढची स्पर्धाही ती हरली. पण आईच्या वहीत ‘जाळीत’ आणि ‘उंच’ या रकान्यांतले आकडे कमी झाले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चूक झाली की ती कोणती झाली, हे आता मुलीला कळू लागले. आधी बॅटचा कल आणि तिच्या चुकीच्या मधे स्पंजची उसळी येत होती. आता हाताने केलेले हातालाच उमजत होते. सरावाच्या दिवशीचे पोटदुखणे आपोआप थांबले. वर्षभराने हल्ल्याचा फटका बसल्यावर ती १.८ वर गेली आणि तेही स्वतः मागून. आजीने एवढेच म्हटले, “खरंच की गं, कधी कधी अंगणही वाकडं असतं.”

मुलांसाठी काही विकत घेताना आपण त्यांच्या उद्याकडे पाहतो, हे स्वाभाविकच आहे. म्हणून शाळेचे बूटही एक माप मोठे घेतले जातात. पण पायापेक्षा फार मोठ्या बुटात मूल धडपडते आणि धडपडण्याचा दोष स्वतःच्या पायांना देते. बॅटचेही तसेच. दुकानात ‘सर्वांत चांगले कोणते?’ असे विचारण्यापूर्वी मुलाला शिकवणाऱ्या माणसाला एक प्रश्न जरूर विचारावा : ‘याला आज काय शिकायचे आहे?’ उत्तर ‘कापलेला चेंडू परतवणे’ असे असेल, तर अर्धा मिलिमीटर कमी घेण्यात कंजुषी नाही. त्या अर्ध्या मिलिमीटरमुळे मुलाला आपला हात ओळखायला वेळ मिळतो.